तार तुटल्यावर

संक्रांतीच्या दिवशीं नंदुरबारांत एखाद्या गच्चीवर उभें राहून पाहिलें, तर आकाश पतंगांनीं भरलेलें असतें. गुजराथची हद्द जवळ असल्यामुळें त्या वेडाचा मोठा वाटा आमच्याकडे आलेला आहे. त्या गर्दींत एखाद्या पतंगाचा मांजा तुटतो आणि खालीं पोरांचा कल्लोळ उठतो. पण तुटलेल्या पतंगाकडे आपण कधीं नीट पाहिलें आहे काय ? दोरी असेपर्यंत तो वाऱ्याशीं झुंजत असतो. दोरी गेली कीं त्याचा ताठा जातो, तो एका अंगावर कलतो, गिरक्या घेतो आणि वारा नेईल तिकडे, पण हळूहळू, खालीं उतरतो. कागद आणि कामट्या यांच्या त्या क्षुद्र वस्तूंत एक शहाणपण आपोआप आलेलें आहे. हुकूम थांबला कीं तिचा जोरहि थांबतो.

बिनतारी यंत्रानें चालविल्या जाणाऱ्या छोट्या विमानांत हें शहाणपण आपोआप येत नाहीं. तें माणसाला आंत घालावें लागतें, आणि घालतांना विचार करावा लागतो. त्या विचाराविषयीं आज चार शब्द बोलण्याचें मीं योजिलें आहे.

माझें सारें आयुष्य रेल्वेच्या सिग्नल-खात्यांत गेलें. विमानांशीं माझा संबंध आला तो माझ्या भाच्यामुळें. हा मुलगा कॉलेजांत शिकतो आणि फोमचे तक्ते कापून विमानें करतो. मागच्या एका फेब्रुवारींत, सकाळच्या वेळीं, नंदुरबारबाहेरच्या एका मोकळ्या शेतांत त्यानें आपलें दीड किलो वजनाचें विमान मला दाखविण्यासाठीं उडविलें. शेतापलीकडे मिरचीची पथारी होती. ज्यांनीं आमचा मुलूख पाहिला नाहीं त्यांच्यासाठीं सांगतों : हंगामांत नंदुरबारच्या बाजारांत आलेली ओली लाल मिरची शहराबाहेरच्या मोकळ्या जमिनींवर वाळत घालतात. दुरून पाहिलें तर जमिनीवर लाल गालिचे अंथरल्यासारखें दिसतें. त्या गालिच्यांवर सकाळपासून मजूर बायका वांकून मिरची निवडीत असतात, आणि त्यांचीं लहान मुलें कडेला झोळींत निजलेलीं असतात.

विमान छान उडत होतें. एकाएकीं भाचा म्हणाला, "मामा, तें ऐकत नाहीं !" त्याच्या हातांतील दांडे हालत होते, पण विमानावर त्यांचा कांहीं परिणाम होत नव्हता. मोटर पाऊण जोरांत चालू होती. विमान जरासें उजवीकडे कलून तसेंच पुढें गेलें, पथारीवरून गेलें, त्या वांकलेल्या बायकांच्या डोक्यांवरून गेलें, आणि पुढच्या शेतांत कपाशीच्या उभ्या पऱ्हाट्यांत नाक खुपसून आदळलें. मोटर चार बोटें मातींत रुतली होती. कोणालाहि लागलें नाहीं. यांत आमची हुशारी कांहींच नव्हती.

घरीं येतांना मीं त्याला एकच प्रश्न विचारला, "तुझें म्हणणें ऐकूं येईनासें झालें तर काय करावयाचें, हें तूं त्या विमानाला सांगून ठेवलें होतेंस काय ?" तो म्हणाला, "नाहीं, मामा. तें सांगावें लागतें हें मला ठाऊकच नव्हतें."

श्रोतेहो, हा प्रश्न माझ्या तोंडीं आला तो रेल्वेमुळें. सुरतेहून नंदुरबारवरून भुसावळकडे जाणारी ताप्ती व्हॅलीची लाइन आमच्या जिल्ह्यांतून जाते. तिच्यावर किंवा अशाच दुसऱ्या लाइनीवर जुने हाताचे सिग्नल आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिले असतील. हात आडवा म्हणजे थांबा, खालीं झुकलेला म्हणजे या. केबिनपासून खांबापर्यंत शेंकडों मीटर तार गेलेली असे. आतां विचार करा. हात खालीं झुकल्यावर परवानगी मिळते, आणि जड वस्तूचा स्वभाव तर खालीं येण्याचा. मग तार तुटली कीं हात खालीं येऊन गाडीला खोटेंच बोलावणें जाणार नाहीं काय ? जात नसे, कारण त्या हातापेक्षां जड असें एक वजन तरफेला बांधून ठेवलेलें असे. केबिनवाला तार ओढी तेव्हां तें वजन उचललें जाई. तार सैल पडली, तुटली, किंवा ओढणाराच कोसळला, तर वजन खालीं येई आणि हात आडवा होई. परवानगी टिकविण्यासाठीं सतत कोणीतरी जोर लावला पाहिजे ; मनाईला जोर लागत नाहीं. गाडीच्या व्हॅक्युम ब्रेकचें तत्त्वहि हेंच. डबे मध्येंच तुटले तर नळींत हवा शिरते आणि ब्रेक आपोआप लागतात.

हें शहाणपण रेल्वेला फुकट मिळालेलें नाहीं. इंग्लंडांत ॲबट्स रिप्टन येथें २१ जानेवारी १८७६ रोजीं हिमवादळ चालू होतें. तिकडचे सिग्नल त्या काळीं एरवीं 'या' अशाच स्थितींत ठेवीत असत, आणि तेव्हां त्यांचा हात खांबाच्या खांचेंत लपलेला असे. बर्फानें ते हात तेथेंच जखडून टाकले. केबिनवाल्यानें मनाई केली, पण सिग्नल 'या' असेंच म्हणत राहिला. एक एक्सप्रेस मालगाडीवर आदळली आणि त्या ढिगाऱ्यावर समोरून येणारी दुसरी एक्सप्रेस येऊन आदळली. त्यानंतर सिग्नलाची नेहमींची स्थिति 'थांबा' ही असावी, हा विचार रूढ झाला.

आतां विमानांकडे वळूं. निकोला टेस्ला यानें १८९८ सालीं न्यूयॉर्क येथें बिनतारी हुकमावर चालणारी एक छोटी नाव लोकांना दाखविली. अमेरिकेंत वॉल्टर व विल्यम गुड या बंधूंनीं १९३० नंतरच्या दशकांत बिनतारी हुकमानें चालणारें छोटें विमान यशस्वी रीतीनें उडविलें. पण त्याच काळांत बहुसंख्य हौशी लोक जीं विमानें उडवीत तीं कोणाच्याच हुकमांत नसत. तीं मोकळीं सोडीत. आणि उन्हानें तापलेल्या हवेचा वर चढणारा झोत त्यांना सांपडला, तर घारीसारखीं वर वर जाऊन तीं कायमचीं नाहींशीं होत. त्यावर या लोकांनीं काढलेली युक्ति मला फार आवडते. शेपटीपाशीं ते जळणाऱ्या वातीचा एक तुकडा लावून ठेवीत. ठराविक मिनिटांनीं वात दोऱ्यापर्यंत पोंचून तो जाळी आणि शेपटीचा पंख एकदम वर उचलला जाई. मग विमान पुढें उडण्याचें सोडून पोटावर पसरल्यासारखें सावकाश खालीं येई. मालक दूर आहे, हुकूम देऊं शकत नाहीं, तेव्हां शेवट कसा व्हावयाचा तें आधींच ठरवून ठेवा, हाच त्याचा अर्थ.

बिनतारी हुकमाच्या जुन्या यंत्रांत संबंध तुटला म्हणजे रिसीव्हर आकाशांतील खरखरच हुकूम समजे, आणि विमानाचे पंखे-पट्ट्या वेड लागल्यासारख्या थरथरत. १९८० नंतरच्या दशकांत हुकूम आंकड्यांत घालून पाठविणारीं यंत्रें प्रचारांत आलीं. त्यांतील रिसीव्हरला खरा हुकूम आणि खरखर यांतील भेद कळूं लागला. आजचीं २.४ गिगाहर्ट्झवरील यंत्रें तर क्षणोक्षणीं लहरी बदलीत असतात, त्यामुळें शेजाऱ्याच्या यंत्राशीं गोंधळ होण्याचें भय जवळजवळ संपलें आहे. परंतु संबंध तुटतो तो तुटतोच. या लहरी ओल्या झाडांत, धातूच्या पत्र्यांत, माणसाच्या अंगांत शोषल्या जातात किंवा अडतात. माझ्या भाच्यानें रिसीव्हरच्या दोन्ही तारा एकमेकींना समांतर, आणि त्याहि कार्बनच्या दांडीला चिकटवून बसविल्या होत्या. त्या एकमेकींशीं काटकोनांत आणि कार्बनपासून दूर असावयास पाहिजे होत्या.

असा संबंध तुटला म्हणजे रिसीव्हरनें काय करावें, याला हे लोक 'फेलसेफ' म्हणतात. सामान्यतः तीन पर्याय असतात. शेवटचा हुकूम होता तोच धरून बसणें हा पहिला. आपण आधीं नेमून दिलेल्या स्थितींत सर्व पट्ट्या व मोटर नेणें हा दुसरा. अजिबात गप्प बसणें, म्हणजे पुढच्या यंत्राकडे कांहींच न पाठविणें, हा तिसरा. ज्या विमानांत स्वतःचा मेंदू म्हणतां येईल असें उड्डाण-नियंत्रक यंत्र बसविलेलें असतें त्यांत याचा उपयोग होतो, कारण ती शांतता ओळखून पुढचें तें यंत्र ठरवितें.

पहिला पर्याय भाच्याच्या विमानांत होता, आणि तो किती वाईट आहे हें आम्ही पाहिलेंच. सेकंदाला २० मीटर जाणारें विमान मोटर चालू राहिली तर मिनिटांत १२०० मीटर जातें. बॅटरींत पांच मिनिटांचा जोर उरला असला तर सहा किलोमीटर. हुकूम धरून बसण्यांत एकच गुण आहे. क्षणभराच्या खंडांत विमान बिचकत नाहीं. म्हणून पुष्कळ रिसीव्हर सुमारें एक सेकंदपर्यंत जुना हुकूम धरतात आणि मग नेमलेल्या स्थितींत जातात. ही तडजोड चांगली आहे. नेमलेली स्थिति सौम्य असावी याचें एक कारणहि हेंच. वेगांत असतांना पट्ट्या एकदम टोकाला गेल्या तर पंख मोडावयाचा, आणि पुढच्याच क्षणीं संबंध परत जुळून उपयोग नाहीं.

नेमून द्यावयाच्या गोष्टींपैकीं पहिली गोष्ट वादाची नाहीं. विजेची मोटर असेल तर ती पूर्ण बंद झाली पाहिजे ; इंजिन असेल तर निदान अगदीं मंद. याचें कारण साध्या गणितांत आहे. आदळण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. दीड किलोचें विमान ताशीं ५४ किलोमीटर वेगानें आदळलें, तर तें साडेअकरा मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून, तेवढें वजन टाकल्यासारखें आहे. तेंच ताशीं १०८ किलोमीटर वेगानें आलें, तर ४६ मीटरांवरून टाकल्यासारखें. वेग दुप्पट, आघात चौपट. शिवाय फिरता पंखा हें एक पातेंच आहे.

वाद आहे तो यापुढें. मोटर बंद झाली. आतां पट्ट्या कशा ठेवाव्या? सरळ ठेवल्या तर चांगलें विमान १०० मीटर उंचीवरून सहज ८०० मीटर तरंगत जाईल, आणि वारा पाठीमागून असला तर त्याहूनहि पुढें. कोठें उतरेल तें सांगतां येत नाहीं. म्हणून बहुतेक अनुभवी लोक रडर किंवा एलेरॉन थोडासा एका बाजूला आणि एलेव्हेटर किंचित् वर, असें नेमतात. विमान मोठ्या वर्तुळांत फिरत खालीं येतें, म्हणजे आमच्या कटलेल्या पतंगासारखें. तरी वारा असतोच. विमान सेकंदाला दोन मीटर उतरत असेल, तर १०० मीटरांना ५० सेकंद लागतील. आणि वारा सेकंदाला पांच मीटर असेल, तर तेवढ्या वेळांत तें २५० मीटर वाहत जाईल. त्या २५० मीटरांत काय आहे ? नांगरलेलें रान असेल तर उत्तम. रस्ता, वस्ती किंवा पथारी असेल, तर हें सौम्य उतरणें सौम्य राहत नाहीं.

यामुळें दुसऱ्या पक्षाचे लोक म्हणतात कीं विमान जेथल्या तेथें पाडा. रडर आणि एलेव्हेटर टोकाला नेऊन तें भोवऱ्यासारखें फिरवीत आणा. सेकंदाला आठ मीटर उतरलें तर साडेबारा सेकंदांत खालीं, आणि वाहून जाणें साठ मीटरांच्या आसपास. विमान मोडेल, पण तें तुमच्याच रानांत मोडेल. मला विचाराल तर दोन्ही पक्ष आपापल्या जागीं बरोबर आहेत, आणि जे लोक घरीं बसून एकदांच 'उत्तम स्थिति' ठरवूं पाहतात ते चुकतात. स्थिति रानावर अवलंबून असते. वाऱ्याच्या दिशेला तीनशें मीटर मोकळें रान असेल तर सौम्य वर्तुळ ; नसेल तर मुळांत तेथें उडवूंच नये, आणि उडवावयाचेंच असेल तर विमान वांचविण्याची आशा सोडून फेलसेफ नेमावें. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेंत हजारों माणसें आणि घोडे दाटलेले असतात. तेथें कोणतीहि स्थिति सुरक्षित नाहीं.

आतां एक खोडी सांगतों, कारण ती हात कापणारी आहे. कांहीं यंत्रांत ट्रान्समीटर आणि रिसीव्हर यांची पहिली ओळख करून देतांना दांडे ज्या स्थितींत असतील तीच फेलसेफची स्थिति म्हणून साठविली जाते. समजा, मुलानें ओळख करून दिली आणि मागाहून लक्षांत आलें कीं थ्रॉटलची दिशा उलटी आहे. त्यानें ती ट्रान्समीटरमध्यें सुलट केली. पण रिसीव्हरच्या पोटांत जुनीच खूण राहिली ! आतां जी खूण 'बंद' म्हणून साठविली होती तिचा अर्थ 'पूर्ण जोर' असा झाला. सबंध महिना विमान उत्तम उडतें. मग एके दिवशीं उड्डाण संपल्यावर मुलगा विमान मांडीवर घेतो, आधीं ट्रान्समीटर बंद करतो, आणि मोटर पूर्ण वेगानें त्याच्या बोटांवर येते. म्हणून क्रम लक्षांत ठेवावा : चालू करतांना आधीं ट्रान्समीटर, मग विमानाची बॅटरी, बंद करतांना आधीं विमानाची बॅटरी, मग ट्रान्समीटर. आणि यंत्रांत कोणताहि बदल केला कीं नव्यानें ओळख करून द्यावी.

विमानाचीच बॅटरी खचली तर फेलसेफ कांहीं करूं शकत नाहीं, हेंहि समजून असावें. रिसीव्हरच मेला तर हुकूम कोण पाळणार ? पट्ट्या असतील तेथें अडकून राहतात. पुष्कळदां लोक संबंध तुटला म्हणून लहरींना दोष देतात, आणि दोष असतो सैल झालेल्या जोडाचा.

ज्या यंत्रांत उपग्रहांवरून स्वतःची जागा ओळखण्याची सोय असते, त्यांना संबंध तुटल्यावर 'घरीं परत ये' असें सांगतां येतें. ऐकावयास हें फार सुरक्षित वाटतें. आमच्या जिल्ह्याचा दक्षिणेकडील तापीकांठ सपाट आहे. शहादें, प्रकाशें या भागांत तें साधेलहि. पण उत्तरेस सातपुडा आहे. तोरणमाळचें पठार समुद्रसपाटीपासून हजार मीटरांहून उंच आहे, आणि धडगांव-अक्कलकुव्याकडे डोंगरांच्या रांगांमागून रांगा आहेत. परतीची उंची हें यंत्र बहुधा आपण जेथून उडालों त्या जागेपासून मोजतें. पायथ्याशीं उभें राहून आपण ६० मीटर उंची नेमली, आणि विमान ८० मीटर उंच धारेपलीकडे गेल्यावर संबंध तुटला, तर तें आज्ञाधारकपणें सरळ रेषेंत घराकडे निघेल आणि डोंगराच्या छातींत शिरेल. संबंध तुटण्याचें कारणहि बहुधा ती धारच असते. म्हणजे धोका आणि त्याचा उपाय दोन्ही एकाच खडकावर येऊन आपटतात. अशा ठिकाणीं परतीची उंची वाटेंतील सर्वांत उंच धारेवरील झाडाच्या शेंड्याहून बरीच जास्त पाहिजे. आणि त्याहून बरें म्हणजे विमान नजरेआड नेऊंच नये. उपग्रह सांपडण्यापूर्वींच घाईनें उड्डाण केलें, तर 'घर' म्हणून भलतीच जागा नोंदली जाण्याचा संभव असतो, तोहि विसरूं नये.

सरकारी नियमांविषयीं एवढेंच सांगतों कीं २५ ऑगस्ट २०२१ रोजीं प्रसिद्ध झालेल्या ड्रोन नियमांप्रमाणें देशाच्या आकाशाचे रंगवार भाग पाडलेले आहेत, आणि हिरव्या भागांतहि ४०० फुटांची मर्यादा आहे. उडविण्यापूर्वीं नकाशा पाहावा.

पऱ्हाट्यांतील त्या दिवसानंतर आम्ही मामा-भाच्यांनीं तीन आठवडे नुसती तयारी केली. प्रथम घरीं, पंखा काढून ठेवून, मोटर चालू केली आणि ट्रान्समीटर बंद केला. एक सेकंदानें मोटर थांबली आणि पट्ट्या नेमल्याप्रमाणें सरकल्या. हें आम्ही दहा वेळां केलें. मग रानांत ट्रान्समीटरचा जोर कमी करून तीस पावलें मागें जाऊन पाहिलें. शेवटीं भाच्यानें एक चांगली कल्पना काढली. फेलसेफमध्यें ज्या स्थिति नेमल्या होत्या त्याच त्यानें ट्रान्समीटरच्या एका बटनावर घेतल्या, म्हणजे संबंध न तोडतां, हुकूम हातीं ठेवून, तीच घसरण आकाशांत पाहतां येते आणि बिघडलें तर बटन सोडतां येतें. पहिल्या वेळीं वळण इतकें घट्ट निघालें कीं विमान नाकावर येऊं लागलें. त्यानें बटन सोडलें आणि रडर निम्मा केला. दुसऱ्या वेळीं तें वळेचना, सरळ तरंगत निघालें. तिसऱ्या वेळीं मीं घड्याळ धरलें. सत्तर मीटरांवरून चाळीस सेकंदांत तें माणसाच्या उंचीवर आलें, आणि मघाच्या हिशेबाप्रमाणें जवळजवळ दोनशें मीटर वाऱ्याच्या दिशेला सरकलें. तेवढें रान आम्ही आधींच पावलांनीं मोजून ठेवलें होतें. पथारी आतां वाऱ्याच्या वरच्या बाजूला होती.

आम्ही सामान आवरीत असतां पथारीवरील एक म्हातारी बाई पाणी भरण्यासाठीं आमच्या बांधावरून चालली होती. ती थबकली आणि विमानाकडे हात करून म्हणाली, "काय रे बाबा, आतां तें आमच्याकडे नाहीं ना येणार ?"

भाचा म्हणाला, "वारा तुमच्याकडचा असेल त्या दिवशीं आम्ही उडवणारच नाहीं, मावशी."

तिनें पदराचें टोंक वर धरून वारा पाहिला, मान हालविली आणि ती विहिरीकडे गेली.